रविवारचं स्तनाच्या गाठींचं क्लिनिक: नाव दिलं नसेल तर आज द्या

नमस्कार मैत्रिणींनो, येत्या रविवारी सकाळी 9 ते 1 हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत स्तनातल्या गाठींच्या तपासणीसाठी खास क्लिनिक ठेवलंय. सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट तिघंही असतील, म्हणजे हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि गरज वाटलीच तर सुईने बायोप्सी (गाठीचा छोटा नमुना काढून तपासणं), सगळं एकाच ठिकाणी, चार ठिकाणी फिरायला नको. बायोप्सीचा रिपोर्ट मात्र त्याच दिवशी मिळत नाही, काही दिवस लागतात.

येताना एवढं बघा:
- काखेत, छातीवर पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका, मॅमोग्राफीत त्याचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगाच गोंधळ होतो
- जुन्या फिल्म, रिपोर्ट असतील ते सगळे आणा, नुसता कागद नको, फिल्म पण
- वर-खाली वेगळे कपडे घाला
- रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्रेग्नंट असाल तर आधीच सांगा

चाळिशीच्या आतल्यांची बहुतेक वेळा आधी सोनोग्राफीच करतात, त्यामुळे मॅमोग्राफी का नाही म्हणून अडून बसू नका.

आणि प्लीज, दुखत नाही म्हणून घरी बसू नका, कॅन्सरची गाठ बरेचदा दुखतच नाही. तशा बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही ना. घरात एखाद्या पुरुषाला छातीत गाठ लागत असेल तर त्यांनाही आणा, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो.

नावं ग्रुपवर टाकू नका, मला पर्सनल मेसेज करा, शुक्रवार संध्याकाळपर्यंत.