जुन्या चेन सॉची आधी तपासणी, मग कार्बोरेटर

महोदय,

जून २०२० मधील 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळांनंतर वाटेवर आडवी झालेली झाडे दूर करताना चेन सॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी करवत, किती मोलाची ठरते, हे कोकणाने पाहिले. तेव्हा घेतलेली यंत्रे आता झिजली आहेत. ती दुरुस्तीला नेली की पहिला हात कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूंना लागतो. ही सवय यंत्राच्या मुळावर येते, म्हणून हे पत्र.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. क्रँकशाफ्टचे (इंजिनच्या फिरत्या दांड्याचे) सील कडक झाले किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधला रबरी जोड चिरला, की बाहेरची हवा आत शिरते आणि इंधनाबरोबर वंगणाचे प्रमाणही घटते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच स्लोवर (किमान वेगावर) येत नाही, यंत्र आडवे धरले की आवाज बदलतो आणि प्लग पांढरट दिसतो. स्क्रू फिरवून आवाज तेवढ्यापुरता बसवता येतो. गळती मात्र तशीच राहते आणि पुढे जाड खोड कापताना पिस्टन जाम होतो.

वास्तविक इंजिन थंड झाल्यावर सायलेन्सर काढून आत बॅटरीचा उजेड टाकला, तर पिस्टनवरचे उभे ओरखडे स्पष्ट दिसतात. ते असतील तर कार्बोरेटर जुळवण्यात काहीच अर्थ नाही. यंत्र थोडा वेळ चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा चालत असेल, तर टाकीत हवा जाण्याची वाट तुंबलेली असते. काप एका बाजूला वळतो तो बहुधा दात असमान घासल्यामुळे किंवा बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या) कडा झिजल्यामुळे. स्लोवरही चेन फिरत असेल आणि स्लो योग्य असेल, तर क्लचच्या स्प्रिंगा तपासल्याशिवाय ते यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये. त्यात माणसाच्या पायाचा प्रश्न आहे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि तालुक्यांतील आयटीआयनी पावसाळ्यापूर्वी यावर मेकॅनिकांसाठी छोटे प्रशिक्षण घ्यावे, तसेच विक्रेत्यांनी दुरुस्तीच्या पावतीवर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि हवेची गळती तपासल्याची नोंद द्यावी, ही विनंती.

– एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा