दुखण्याचं घड्याळ आणि 8.12 ची लोकल

संपादक महोदय,

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ती दिवसभर सारखी नसते. आमवातात सकाळी सांधे आखडतात, कधी तासाहून अधिक वेळ मूठ वळत नाही. गुडघ्यांची झीज झालेल्यांना उलट दिवसभराच्या वापरानंतर, म्हणजे नेमका संध्याकाळी दादरचा पूल चढताना त्रास. मुंबईला मात्र सगळ्यांसाठी 8.12 ची लोकलच ठाऊक! सरकारी रुग्णालयाचा केसपेपरही सकाळीच काढायचा. ज्याचं अंग सकाळी धरतं, त्यानेच रांगेत उभं राहायचं.

जरा बरं वाटलं की माणूस साचलेली कामं एका दमात उरकतो आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरतो. वर 'काल तर ठणठणीत होतीस' हे ऐकावं लागतं (बहुधा सुनांना). फिजिओथेरपिस्ट म्हणूनच दुखणं वाढण्याआधी थांबायला सांगतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत जुनाट वेदना स्वतंत्रपणे नाही. म्हणून किमान कार्यालयांनी अशा कर्मचाऱ्यांना तासभर उशिरा येऊन तेवढंच उशिरा जाऊ द्यावं, आणि ओपीडीच्या दुपारच्या वेळा वाढवाव्यात.

– एक वाचक, मुलुंड