भाड्याच्या फ्लॅटचा खरा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘भाड्यातून हप्ता निघतो’ हे वाक्य घरविक्रीच्या जाहिरातींत, नातेवाइकांच्या सल्ल्यात आणि आम्हा निवृत्तांच्या गप्पांत इतक्या सहजपणे येते, की ते एकदा कागदावर मांडून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा एक बेडरूमचा फ्लॅट मी गेली काही वर्षे भाड्याने देत आहे. निवृत्तीची रक्कम हाती आली की दुसरा फ्लॅट घ्यावा, असा विचार करणाऱ्यांसाठी माझ्या वहीतला गेल्या वर्षाचा हिशेब येथे देत आहे.

मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ सुतारकाम धरून हा फ्लॅट मला ३८ लाखांना पडला. भाडे महिना १५ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ८० हजार. प्रत्यक्षात आधीचे भाडेकरू गेल्यावर नवे येईपर्यंत दीड महिना घर रिकामे राहिले आणि साडेबावीस हजार तिथेच गेले. सोसायटीचा मेंटेनन्स २६ हजार ४००, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) १,८००, मिळकतकर ९,२००, रंगकाम व नळदुरुस्ती १९ हजार, दलाली साडेसात हजार आणि करारनाम्याचा खर्च २,६०० रुपये वजा केल्यावर उरले ९१ हजार. गुंतवलेल्या रकमेवर हे वर्षाला अडीच टक्केसुद्धा होत नाहीत, आणि प्राप्तिकर अजून भरायचाच आहे. फ्लॅटची किंमत वाढते हे मला मान्य आहे, पण ती वाढ फ्लॅट विकल्यावर हाती येते, दरमहा औषधांच्या आणि किराण्याच्या खर्चाला ती उपयोगी पडत नाही. मी कर्ज काढले नव्हते म्हणून निभावले. अशाच फ्लॅटसाठी २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांकरिता घेतले, तर महिन्याचा हप्ता २१ हजार ७०० रुपयांच्या जवळपास बसतो. पंधरा हजारांच्या भाड्यातून, तेही एकही खर्च न धरता, तो कसा निघणार?

यातले दोन खर्च घर घेताना सहसा कुणी सांगत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. दुसरा खर्च बिनभोगवटा शुल्काचा. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. आमच्या सोसायटीने सुरुवातीला महिन्याला सरसकट हजार रुपये लावले होते. आदेशाची प्रत जोडून लेखी अर्ज दिल्यावर तीन महिन्यांनी ते दुरुस्त झाले, मात्र आधी भरलेले पैसे मिळवण्यासाठी सर्वसाधारण सभेपर्यंत जावे लागले.

प्राप्तिकराच्या बाबतीतही मोठा गैरसमज आढळतो. मिळालेल्या भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि कर्ज असल्यास त्याचे व्याजही धरले जाते. मेंटेनन्स, रंग, दलाली यांची वेगळी वजावट नाही. त्यामुळे गेल्या वर्षी या भाड्याचे माझे करपात्र उत्पन्न १ लाख ३ हजार ८१० रुपये ठरले, म्हणजे हाती उरलेल्या रकमेपेक्षा जवळजवळ तेरा हजारांनी जास्त. व्याजामुळे घराच्या उत्पन्नात तोटा आला, तर नव्या करप्रणालीत तो पगारातून किंवा पेन्शनमधून वजा करता येत नाही. कर्ज काढून दुसरे घर घेणाऱ्यांनी निदान एवढे तरी आधी विचारून घ्यावे.

मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे ते करारनाम्याविषयी. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी खर्च वाचवण्यासाठी केवळ नोटरीपुढे करार केला. मुदत संपल्यावर भाडेकरूने घर सोडले नाही, आणि आपण दिलेली अनामत कागदावर आहे त्याच्या दुप्पट होती असे तो म्हणू लागला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत वाद उद्भवल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात तरी चुकीची आहे. याउलट रीतसर ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार (ठरावीक मुदतीपुरता घर वापरण्याचा परवाना देणारा) असेल, तर मुदतीनंतरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. एवढ्या संरक्षणासाठी माझ्यासारख्या फ्लॅटला मुद्रांक शुल्क जेमतेम पाचशे रुपये लागते, आणि शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये आहे. अनामत बँकेतूनच घ्यावी आणि तिचा आकडा करारात लिहावा, हे मी त्या गृहस्थांच्या अनुभवातून शिकले.

आपल्या घरविषयक पुरवणीत नव्या प्रकल्पांच्या माहितीशेजारी असा वर्षभराचा जमाखर्च अधूनमधून छापावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे