शुक्रवारच्या ३६ पीडीएफ आणि ताई

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

रात्रशाळेच्या ३६ पाठांची टिपणं मी ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, त्याच्या टिपणांसाठीच्या ऑर्ग मोडमध्ये ठेवतो. दर शुक्रवारी ईमॅक्समध्ये एकेक फाइल उघडायची, कंट्रोल-सी, कंट्रोल-ई, एल, पी दाबायचं, पीडीएफ होईपर्यंत थांबायचं, मग पुढची. एखादी हमखास सुटायची आणि दिवसभर राबून आलेल्या कुणाच्या तरी हातात जुनाच पाठ पडायचा. ते फार लागायचं.

बॅच मोड तुम्हीच सुचवलात. खिडकी न उघडता ईमॅक्स चालतो, एक्स्पोर्ट करतो, म्हणजे पीडीएफ बनवतो, आणि आपला आपण बंद होतो. पण माझी पहिलीच पीडीएफ उघडली तर मुद्द्यांचे इंग्रजी आकडे जागेवर आणि मराठी ओळी गायब! हाताने केली की तीच फाइल नीट.

ही पीडीएफ प्रत्यक्षात लाटेक नावाची अक्षरजुळणी करणारी प्रणाली बनवते; झीलाटेक हा तिचा मराठी अक्षरं जाणणारा प्रकार. रात्री फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘‘झीलाटेकचं सेटिंग कुठे लिहिलंयस?’’

‘‘इनिट फाइलीत,’’ मी म्हणालो. ईमॅक्स सुरू होताना आपली सेटिंग्ज वाचतो ती ही फाइल.

‘‘बॅच मोड तुझी इनिट फाइल वाचतच नाही रे.’’

म्हणजे काम लाटेकच्या मुळातल्या प्रकाराकडे, पीडीएफलाटेककडे जात होतं, आणि त्याला ही अक्षरं ठाऊकच नव्हती. तयार उत्तर पाठवून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. एक्स्पोर्टपुरती वेगळी छोटी फाइल माझ्याकडूनच लिहून घेतलीत: पीडीएफ बनवणारा कंपायलर झीलाटेक, फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी आणि त्या फॉन्टसोबत लिपी देवनागरी असल्याची नोंद. ती नोंद मी गाळली, तेव्हा ‘शिक्षण’मधली वेलांटी ‘श’च्या पलीकडे जाऊन बसली. पान तसंच छापलं असतं तर नव्याने वाचायला शिकणाऱ्यांनी काय वाचलं असतं?

टिपणांत लिहिलेला कोड चालवण्याआधी ऑर्ग परवानगी मागतो, तो प्रश्न सरसकट बंद करू दिला नाहीत, तेही बरंच झालं. इतरांनी पाठवलेल्या फाइलीही माझ्याकडे येतात.

परवा फक्त सातवा पाठ दुरुस्त केला आणि मेक हा बदललेल्या फाइलींचंच काम पुन्हा करणारा प्रोग्रॅम चालवला. एकच पीडीएफ नवी झाली, बाकी ३५ जिथल्या तिथे. अर्धा तास आधीच शाळेत पोचलो. अपूर्णांकात अडकलेल्या एका मावशींबरोबर फळ्यापाशी उभं राहून दोन गणितं सोडवता आली.

ताई, मनापासून आभार.

तुमचा,
रात्रशाळेतला मास्तर