संगीत नाटकाचे संग्रहालय आधी कानांसाठी बांधा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : संगीत रंगभूमीच्या इतिहासाचे इंटरॅक्टिव्ह संग्रहालय उभारताना घ्यायची काळजी

महोदय, सविनय नमस्कार.

न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीच्या, इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले. टाइम्स स्क्वेअरजवळ, चालत्या थिएटरांच्या गर्दीतच त्याची जागा आहे. प्रेक्षक काळाच्या क्रमाने एकेका दालनातून पुढे सरकतो, गाजलेल्या प्रयोगांचे नेपथ्य आणि कपडे पाहतो आणि पडद्यामागे नाटक कसे उभे राहते हेही त्याला दाखवले जाते. आराखडा उत्तम आहे. पण तो जसाच्या तसा इथे उचलला तर फसेल. तिथून बाहेर पडलेला माणूस त्याच संध्याकाळी दोन गल्ल्या पलीकडे जाऊन संगीत नाटक पाहू शकतो. आपल्याकडे संग्रहालयात येणाऱ्या नववीतल्या मुलाने ऑर्गनच्या साथीवर गायलेले पद समोर बसून बहुधा कधीच ऐकलेले नसते. ते त्याला पहिल्यांदा ऐकू येईल ते या संग्रहालयातच. म्हणून आमची मुख्य मागणी एकच आहे : इथे रोज, प्रत्यक्ष, माइकशिवाय गाणे झाले पाहिजे. जागा, पैसा आणि माणसे यांचा हिशेब त्यावरून बसवावा.

इतिहासाच्या भिंतीवर फार खर्च करू नये. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले इथपासून पुढचा सनावळ्यांचा भाग एका लांब पट्ट्यावर मावतो. थांबायला हवे ते संगीताने वळण घेतले तिथे. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे उत्स्फूर्त भाषणे करत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. हा फरक वाचून कळत नाही. एकच लहान प्रसंग दोन्ही पद्धतींनी शेजारी शेजारी ऐकवला की पाच मिनिटांत कळतो. दुसरे वळण १९११ च्या 'मानापमान'चे. गोविंदराव टेंब्यांनी रागदारीतल्या चिजांवरून चाली बांधल्या आणि पदाला विस्ताराची मोकळीक मिळाली. तिसरे १९६० नंतरचे, जितेंद्र अभिषेकींच्या चालींचे. किर्लोस्करांच्या नाटकातली शंभरावर पदे या काळापर्यंत मोजक्यांवर आली होती आणि गाणे प्रसंगाला घट्ट चिकटले होते. या तीन ठिकाणी तीन ऐकण्याच्या खोल्या असाव्यात.

आता ऑर्गनविषयी, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला असे; तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. ऑर्गन पायाने चालतो, त्यामुळे वादकाचे दोन्ही हात स्वरांना मोकळे राहतात. बाजाच्या पेटीत भात्याने हवा दाबून स्वरपट्ट्यांतून, म्हणजे कंपून सूर देणाऱ्या पितळी जिभांतून, बाहेर ढकलली जाते. आपल्या रंगभूमीवरचे बरेचसे ऑर्गन उलट चालतात : पायटे दाबले की भाता आतली हवा उपसतो, पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा स्वरपट्टीतून आत ओढली जाते. त्या हवेबरोबर खोलीतली धूळही आत जाते. पितळी पट्टी आणि तिची चौकट यांच्यातली फट केसाइतकी असते. तिथे एक कण अडकला की तो सूर मुका होतो.

अशा वेळी नवखा कारागीर पट्टी घासून सूर 'लावायला' घेतो. टोकाकडे घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि दोन्हीकडे पितळ कायमचे कमी होते. खरे तर बहुतेक वेळा पट्टी आकड्याने हलकेच बाहेर ओढून मऊ ब्रशने झटकली की काम भागते. पावसाळ्यात लाकूड फुगून बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबलेल्या अवस्थेत अडकतात. तिथेही रंधा चालवू नये, आर्द्रता उतरू द्यावी. भात्याचे रबर लावलेले कापड जुने झाले की घडीवर चिरते. नमद्याला, म्हणजे आतल्या दाबलेल्या लोकरीच्या थराला, कसर लागते.

म्हणून एखाद्या नाटक मंडळीचा मूळ ऑर्गन मिळाला तर तो साखळीमागे, न वाजवता ठेवावा. मुलांच्या हाताखाली द्यायला दुरुस्त केलेले दुसरे दोन असावेत : एक दालनात, एक दुरुस्तीच्या टेबलावर. दालनातल्या ऑर्गनची मागची फळी काढून तिथे जाड पारदर्शक पत्रा बसवावा. मूल पायटा दाबते, भाता आत ओढला जातो, स्प्रिंगा त्याला परत उघडू पाहतात, आणि हात स्वरावर ठेवला की हवा आत येऊन भाता भराभर उघडत जातो. दम सांभाळणे म्हणजे काय, ते यातून पायांना कळते. टचस्क्रीनवरचा ऑर्गन हे शिकवू शकत नाही. पायट्यांचे पट्टे मात्र शाळांच्या सहली आल्या की तुटणारच. बारा पट्टे कायम शिल्लक असावेत.

ध्वनिमुद्रिकांचे काम इमारतीच्या आधी सुरू व्हायला हवे. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावतात. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारे पद गायकाने त्या तीन मिनिटांत बसवलेले असते, आणि हे ऐकणाऱ्याला सांगितले नाही तर तो त्यालाच मूळ गाणे समजतो. तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि गाणे त्याबरोबर जाते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्याच दिशेने, लेबल कोरडे. एलपीची सुई वापरू नये. ती सुमारे १८ मायक्रॉनची असते आणि ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत फक्त खरखर उचलते. इथे ७५ मायक्रॉनच्या आसपासच्या दोन-तीन सुया लागतात, कारण झिजलेल्या खाचेत प्रत्येक तबकडीला वेगळी सुई बसते.

सगळ्यांत महत्त्वाचे गतीचे. तबकडीवर ७८ लिहिलेले असले तरी १९२५ च्या आधीची, भोंग्यासमोर गायलेली मुद्रणे नेमक्या ७८ ला झालेली असतीलच असे नाही. गतीत सहा टक्के फरक पडला की गाणे अर्ध्या स्वराने सरकते. ७८ च्या मुद्रिकेला ८२-८३ फेऱ्यांनी फिरवले तर पेटीची काळी एक हा षड्ज धरून गाणारा गायक अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, तान उगाच चपळ वाटते आणि आवाज चिरका होतो. इंटरनेटवर फिरणारी कित्येक जुनी नाट्यपदे अशीच आहेत. एकाच बैठकीतल्या लागोपाठच्या मॅट्रिक्स क्रमांकांच्या (मुद्रणाच्या वेळी प्रत्येक बाजूला दिलेल्या क्रमांकांच्या) तबकड्या शेजारी ठेवून आणि साथीच्या पेटीचा स्वर ताडून गती ठरवावी लागते. हे जाणत्या गायकाला शेजारी बसवून करायचे काम आहे. ते स्कॅनिंगच्या ठेक्यात तबकडीमागे दराने देऊ नये. मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, कोणतीही खरखर न काढता जपावी. साफ केलेली प्रत वेगळी असावी.

हक्कांची भीती दाखवून हे काम अडवले जाते, म्हणून स्पष्ट सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे आणि लेखकाचा त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. नाटककारांपैकी किर्लोस्कर १८८५ मध्ये, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये आणि खाडिलकर १९४८ मध्ये गेले. त्यांच्या संहिता आणि बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्या मोकळ्या आहेत. परवानगी लागेल ती मुख्यतः १९६० नंतरच्या नाटकांच्या संगीतासाठी. त्या वारसांची यादी आणि करार आजच करून ठेवता येतील.

ऐकण्याच्या खोल्यांत काच टाळावी. काचेवरून आवाज उसळतो आणि शेजारच्या खोलीतला तबला इथल्या आलापात घुसतो. विटांची जाड भिंत, लाकडी जमीन, दोन दारांमध्ये चार फुटांची मोकळी जागा, जाड कापडी पडदे आणि एका वेळी एकाच खोलीत मोठा आवाज, एवढे पुरते. हेडफोनच्या वायरी महिन्याभरात सांध्याशी तुटतात. त्यापेक्षा जुन्या टेलिफोनसारखा, स्टीलच्या वेटोळ्यातली केबल असलेला रिसीव्हर टिकतो आणि पुसायलाही सोपा.

'तुम्ही गा' असा एक कोपरा प्रत्येक आराखड्यात असतो. तो जरूर असावा, पण यंत्राने आधी गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे त्याचा षड्ज, विचारावी. पुरुष काळी एक-दोन, बायका काळी चार-पाच या आसपास गातात; सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावले तर अर्धी माणसे पहिल्या ओळीलाच गप्प बसतात. आणि कृपा करून गुण देणारा खेळ करू नका. स्वर मोजणारे तयार सॉफ्टवेअर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि आंदोलन (स्वर हळुवार झुलवणे) यांना 'बेसूर' ठरवते. नाट्यगीतात जे सुंदर आहे त्यालाच तिथे शून्य मिळेल. तंबोरा, ऑर्गनचा भरणा आणि स्वतःचे गाणे परत ऐकण्याची सोय, इतकेच ठेवावे.

वस्त्रांचे थोडक्यात. बालगंधर्वांच्या काळातल्या स्त्रीभूमिकांचे शालू आणि दागिने ही संग्रहालयाची मोठी ओढ असेल. रेशमावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको, आणि टांगून तर मुळीच ठेवू नये. जरीच्या वजनाने रेशीम पदराशी फाटते. लोकर किंवा रबर कपाटात असेल तर त्यातल्या गंधकाने चांदीची जर काळी पडते. मुलांना हात लावायला नवी नऊवारी आणि नेसवण्यासाठी लाकडी साचा द्यावा, पुरुष नट ती कशी नेसत ते तिथे दाखवता येते. रंगवलेले पडदे डिंक-सरसाच्या रंगांचे असतात. ओल्या फडक्याने एकदा पुसले तरी रंग हातात येतो. घडी घालू नये, रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावेत. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी आणि ती रात्रीही हवी. दिवसा एसी चालू आणि संध्याकाळी बंद, ही पद्धत एसी नसण्यापेक्षा वाईट : लाकूड, सरस आणि रेशीम रोज फुगतात आणि आकसतात, आणि एका पावसाळ्यात बुरशी येते.

८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेले. १९१५ पासूनची वास्तू होती ती. तेव्हा साठ्याची खोली रंगमंचाला लागून असू नये, तिथे पाण्याऐवजी वायूने आग विझवणारी यंत्रणा असावी आणि डिजिटल प्रतींचा एक संच दुसऱ्या शहरात असावा.

आता निविदेकडे. इंटरॅक्टिव्ह दालने बंद पडतात ती बहुधा साध्या कारणाने. वीज जाते, परत येते, संगणक पासवर्ड मागत थांबतो; पासवर्ड ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराची वर्षभराची हमी संपलेली. मग स्क्रीनवर 'काम चालू आहे' असा कागद चिकटतो. हे टाळायला निविदेतच लिहावे : वीज आल्यावर यंत्रे आपोआप सुरू झाली पाहिजेत, पाच वर्षांची देखभाल, बिघाड ४८ तासांत दुरुस्त, सर्व मूळ फाइली आणि पासवर्ड सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या ताब्यात, आणि सुटे भाग खुल्या बाजारात मिळणारे. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधले नाट्यसंग्रहालय निधी न जमल्याने २००७ मध्ये बंद झाले. वस्तू व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेल्या म्हणून वाचल्या. आपल्याकडे असा दुसरा आधार नाही, म्हणून चालवण्याचा वार्षिक खर्च बांधकामाच्या मंजुरीबरोबरच वेगळ्या लेखाशीर्षावर यावा.

आणि माणसे. ऐंशी खुर्च्यांचे छोटे नाट्यगृह, लाकडी रंगमंच, माइक नाही. एक गायक, एक ऑर्गनवादक, एक तबलजी, दिवसातून तीन वेळा वीस मिनिटे. चाळीस मुलांची सहल आली तर वीस-वीसच्या दोन गटांत दालने पाहील आणि प्रयोगाला एकत्र बसेल. यासाठी कलाकारांच्या दोन तुकड्या हव्यात, कारण एकाच गळ्याला रोज तीन वेळा बिनमाइकचे गाणे वर्षभर झेपत नाही. ऑर्गन दुरुस्त करणारे हात राज्यात फार थोडे उरले आहेत. त्यांच्यापैकी एकाला कारागीर म्हणून आणि दोन तरुणांना त्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून नेमावे. दैनंदिन भत्त्यावर नव्हे, मंजूर पदांवर.

पहिल्या टप्प्यात आम्हाला तीन गोष्टी दिसायला हव्यात : ध्वनिमुद्रिकांच्या गती-निश्चितीचा गट, कारागिराचे पद, आणि निविदेत एक कलम की इमारत ताब्यात घेण्याआधी शेवटच्या रांगेत बसून, एसी चालू ठेवून, ऑर्गनसह पद ऐकले जाईल आणि शब्द कळले नाहीत तर ताबा घेतला जाणार नाही. पुढच्या तांत्रिक तपशिलासाठी आपण बोलावाल तेव्हा आम्ही विनामोबदला येऊ.

आपले,
संगीत रंगभूमीची वाद्ये, ध्वनिमुद्रिका आणि वस्त्रे यांची निगा राखणारे आम्ही काही जण