पसरणी घाटातल्या तुम्हा तिघांना

गेल्या रविवारी आमचा सायकल क्लब वाईहून पाचगणीला निघाला होता. पसरणी घाट म्हणजे सलग चढ, खाली कृष्णेचं खोरं आणि वळणागणिक वर येणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्या. अशाच एका वळणावर आमच्यातल्या काकांच्या पोटरीत गोळा आला आणि ते रस्त्याकडेलाच बसले.

रिकामे क्रेट घेऊन चाललेले पिकअपवाले दादा, आम्ही हातही केला नव्हता, तरी तुम्ही थांबलात. काकांचा पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळलीत आणि त्यांना सायकलसकट वर सोडलंत. मक्याच्या कणसांच्या गाडीवरच्या मावशी, तुम्ही लिंबू पिळून मीठ-साखरेचं पाणी आणून दिलंत. पैसे पुढे केले तर रागावलात!

आणि मोटरसायकलवाला तो मुलगा. तू वळणाच्या वरच्या बाजूला भर उन्हात उभा राहून उतरणारी प्रत्येक गाडी हळू करत होतास. आमचं सगळं लक्ष काकांकडे, तुला धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं. ती रुखरुख अजून जात नाही.

तिघांचेही मनापासून आभार. काका आता बरे आहेत. मावशी, तुमचा स्टीलचा पेला आमच्याकडेच राहिलाय, येत्या रविवारी घेऊन येतो.