श्रद्धेत विलापालाही जागा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतेच एका पत्रलेखकाने असे मत मांडले होते की, संकटात देवाकडे वळणारा माणूस वास्तवाकडे पाठ फिरवतो आणि श्रद्धेतून मिळणारी आशा ही त्याने स्वतःच्या मनाची घातलेली समजूत असते. त्यांचा रोख कोणा एका धर्मावर नव्हता आणि हेतूही प्रामाणिक वाटला. मी ख्रिस्ती आहे आणि ज्या दिवसांतून मी गेलो, त्यांच्या आधारे या मताला उत्तर द्यावे असे मला मनापासून वाटते.

माझी पत्नी चौदा महिने अंथरुणाला खिळून होती आणि त्या दुखण्यातून ती उठली नाही. आम्ही दोघे ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना करीत होतो, आमच्या चर्चच्या मंडळीतही तिच्यासाठी दर आठवड्याला प्रार्थना होत होती, औषधोपचारात कोठे कसूर नव्हती, आणि तरीही प्रत्येक तपासणीचा अहवाल आधीच्यापेक्षा वाईट येत होता. भेटायला येणारी माणसे "देव करतो ते बऱ्यासाठीच" किंवा "विश्वास डळमळू देऊ नका" असे सांगून जात. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ती वाक्ये ऐकताना तिचा चेहरा उतरत असे, कारण दुखण्याच्या जोडीला आपला विश्वासच कमी पडला की काय, ही टोचणी तिला लागून राही.

एका रात्री तिने मला 88वे स्तोत्र वाचायला सांगितले. बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत आणि त्यांपैकी बहुतेक शेवटी कोठे ना कोठे आशेकडे वळतात. हे स्तोत्र मात्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दच 'अंधार' या अर्थाचा आहे. मी शेवटच्या ओळीवर येऊन थांबलो आणि काहीतरी दिलासा देणारे वाचावे म्हणून पाने चाळू लागलो, तेव्हा तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या. हेसुद्धा बायबलात ठेवलंय ना, मग माझं रडणंही देवाला चालेल." कित्येक आठवड्यांनंतर त्या रात्री तिला शांत झोप लागली.

वास्तवाकडे पाठ फिरवण्याचा आरोप मला पटत नाही तो यामुळेच. ज्या ग्रंथाने 'तू मला कोठवर विसरणार?' हा देवाला केलेला सवाल प्रार्थना म्हणून जपून ठेवला, ज्या ग्रंथात वधस्तंभावरचा ख्रिस्त "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो फोडतो, तो ग्रंथ माणसाला दुःख नाकारायला शिकवतो, असे कसे म्हणावे? येशूने आपला मृत मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना अश्रू ढाळले, आणि तेही आपण त्याला मरणातून उठवणार आहोत हे ठाऊक असताना.

आम्हा ख्रिस्ती लोकांकडूनही येथे चूक होते, हे मान्य केले पाहिजे. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात ईयोब या नीतिमान माणसावर संकटे कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र त्याची दशा पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि त्यांच्यापैकी कोणी एक शब्दही बोलला नाही. माझ्या मते त्यांनी केलेले उत्तम काम तेवढेच. पुढे त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाची कारणे सांगितली, त्याच्या पापांचा हिशेब मांडला, आणि पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप झाला तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडायला निघालेल्या या मित्रांवर. आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई आठवड्यातून दोनदा येत, माझ्या पत्नीचे केस विंचरत, नखे कापत आणि फारसे न बोलता निघून जात. त्या आल्या की खोलीतली हवा बदलत असे.

बायबलमधील एलीया संदेष्ट्याची गोष्टही मला त्या काळात नव्याने कळली. रानातल्या एका झुडपाखाली बसून तो देवाजवळ मरण मागतो, आणि त्यावर त्याला उपदेश मिळत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, आणि देवदूत पुन्हा उठवून म्हणतो की, खा, तुला दूर जायचे आहे. पत्नीच्या मागे मला कित्येक रात्री झोप नव्हती आणि जगण्यात राम उरला नव्हता. तेव्हा आमच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि त्याच संध्याकाळी मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषध घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे मानून जे एकटेच झुरत आहेत, त्यांना मी हे मुद्दाम सांगत आहे.

मग आशा कशाची, असा प्रश्न पत्रलेखक विचारतील आणि तो रास्तच आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोममधील ख्रिस्ती लोकांस लिहिलेल्या पत्रात संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, असा क्रम दिला आहे. हे लिहिणारा माणूस फटके खाल्लेला, तुरुंग भोगलेला होता, आणि त्याने सांगितलेल्या क्रमात आशा सर्वांत शेवटी येते. याचा अर्थ, ज्याला आज आशा वाटत नाही तो वाट चुकलेला नसून अजून वाटेतच असू शकतो. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गमावला, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला अखेरपर्यंत चिकटून राहिल्या. अशा बाईला कोणी भाबडी म्हणेल, असे मला वाटत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला यावर माझा विश्वास आहे आणि म्हणून माझी पत्नी मला पुन्हा भेटेल, अशी माझी आशा आहे. हे मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण पुनरुत्थित ख्रिस्ताने आपला शिष्य थोमा याला दाखवले ते व्रणांसह असलेले शरीर होते, हे मी विसरू शकत नाही. पौलही थेस्सलनीका शहरातील ख्रिस्ती लोकांना शोकच करू नका असे सांगत नाही, तर ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे सांगतो. मी आजही शोक करतो.

तिचे बायबल आता माझ्याजवळ असते. 23व्या स्तोत्रात पहिल्या तीन ओव्यांमध्ये देवाविषयी 'तो' असे म्हटले आहे. तो मला चालवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत वाट मृत्युच्छायेच्या दरीत शिरते आणि तेथे एकदम 'तू' येतो: 'तू माझ्याबरोबर आहेस.' या 'तू'खाली तिने पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. ती कधी ओढली हे तिने मला सांगितले नव्हते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक